‘नाही’ म्हणण्याआधी

कात्री हे तिचे नाव नव्हते. पण ज्या खोलीत तिच्या आयुष्याची अलीकडची सारी वर्षे गेली, तिथे तिला दुसरे नाव उरलेले नव्हते. ती लोकांचे बोलणे कापत असे. कोणी खोकले, कोणी अडखळले, कोणी हातातले वाक्य टाकून नवे धरले, कोणी ‘म्हणजे’, ‘काय आहे की’, ‘तसं बघायला गेलं तर’ अशा कुबड्या घेत मुद्द्यापर्यंत पोचले, की ती ते सारे काढून टाकी आणि उरलेली टोके अशी जुळवी की सांधा कुठे आहे हे बोलणाऱ्यालाही कळू नये. पाहुणे आपलेच बोलणे ऐकून चकित होत. “मी इतकं नीट बोललो?” असे विचारीत. त्यावर सर काचेपलीकडे बोट दाखवून म्हणत, “आमच्या कात्रीबाईंची कृपा. त्यांच्यामुळे या शहरात थोडेफार विचारवंत शिल्लक आहेत.”

हे नाव तिला तरुणपणी रेडिओ केंद्रात मिळाले होते. तेव्हा आवाज फितीवर असे, आणि फीत खरोखरच पात्याने कापावी लागे. संध्याकाळी टेबलाखाली तपकिरी कात्रणांचा ढीग साठे आणि झाडणारी बाई म्हणे, “आज बरेच साहेब केरात गेले.” पुढे फीत गेली, पाते गेले, केंद्रातली नोकरीही गेली, नाव तेवढे मागे लागून आले. आता आवाज पडद्यावर दिसे. बोलणे म्हणजे उंचसखल टेकड्या, आणि गप्प बसणे म्हणजे सपाट रेघ. सपाट रेघ निवडायची आणि एक कळ दाबायची, की दोन टेकड्या एकमेकींना भिडत.

सर एके काळी महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवीत. वर्गातली पोरे ऐकत नाहीत म्हणून, की सांगण्यासारखे वर्गात मावत नाही म्हणून, कोण जाणे, त्यांनी नोकरी सोडली आणि पॉडकास्ट सुरू केले. दर आठवड्याला एक खेळाडू आणि एक लेखक यांना समोरासमोर बसवायचे आणि समाजाविषयी बोलते करायचे, अशी त्यांची योजना होती. “एक शरीरानं जगलेला, एक शब्दानं जगलेला,” ते सांगत. “दोघांनाही लोक डोक्यावर घेतात आणि सोयीप्रमाणे आपटतात. सार्वजनिक आयुष्य म्हणजे काय ते यांना विचारायचं नाही तर कोणाला?” योजना खुळी नव्हती. एका गोलरक्षकाने एका कादंबरीकाराला त्या टेबलावर सांगितले होते, की गर्दीला दोष द्यायला एक माणूस लागतो, आणि तो जाळ्यासमोर उभा असला की शोधत फिरावे लागत नाही. असे काही ऐकले की कात्रीला वाटे, चला, आजचा दिवस वाया गेला नाही.

मात्र असे दिवस थोडे. बाकीचे दिवस नुसते कानात साचत. ध्वनिमुद्रणाची ती खोली पूर्वी एका दंतवैद्याची होती. भिंतींना करडा स्पंज लावला होता, तरी कोपऱ्यात चूळ भरण्याच्या भांड्याची नळी भिंतीतून अजून बाहेर डोकावत असे. प्रत्येक नवा पाहुणा तिच्याविषयी विचारी आणि सर प्रत्येकाला तेच सांगत, “इथं पूर्वीही माणसं तोंड उघडूनच बसायची.” हा विनोद कात्रीने इतक्यांदा ऐकला होता आणि इतक्यांदा कापला होता, की त्या जागी तिचे बोट आपोआप कळीवर जाई. न्याय, लोकशाही, जबाबदारी, स्वातंत्र्य हे शब्दही तिच्या कानांना आता असेच झाले होते. ते खोटे होते असे नाही. पण रोज दळले की पीठच होते. जगात बोलले किती जाते आणि त्यातले सांगितले किती थोडे जाते, याचा हिशेब एका माणसाच्या कानांनी मांडायचा नसतो. तो तिच्या गळ्यात पडला होता.

घरी थोरली बहीण होती. नवरा गेल्यावर अक्का धाकटीकडे राहायला आली ती कायमचीच. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, लिफ्ट नाही, आणि दिवसभर बोलायला कोणी नाही. त्यामुळे कात्रीने दार लोटले की अक्काचे तोंड सुटे.

“आलीस? चपला बाहेर काढ. काय गं, आज कोणाची जीभ छाटून आलीस?”

“एका पोहणाऱ्याची.”

“काय म्हणत होता तो?”

“म्हणाला, लोकशाही पाण्यासारखी असते, अंग सैल सोडलं तरच तरंगता येतं.”

“आणि लेखक?”

“लेखक म्हणाला, पाणीच उरलेलं नाहीये.”

“मग दोघांचंही बरोबर आहे की!” अक्का खूश झाली. “एवढ्याशा गोष्टीला तुम्ही तासभर लावता. जेवायला बस. तोंड बघ तुझं, उतरलेल्या दुधासारखं झालंय.”

त्या वर्षी एका भागासाठी लांब पल्ल्याची एक धावपटू आली. तिशी ओलांडलेली, सडपातळ, खुर्चीच्या कडेवर बसणारी. स्पर्धा सोडून तिला काही वर्षे झाली होती. आता ती त्याच सार्वजनिक मैदानावर मुलींना धावायला शिकवी जिथे ती स्वतः शिकली होती, आणि त्याच प्रशिक्षकाच्या हाताखाली. त्या प्रशिक्षकाला सारे मैदान दादा म्हणे. समोर एक लेखिका होती, जिने स्त्रियांच्या श्रमांविषयी दोन जाड पुस्तके लिहिली होती. विषय होता यशाची किंमत. लेखिका ओघवती बोलत होती. धावपटू विचारले तेवढे सांगत होती. मध्यावर सरांनी तिला विचारले, “तुमच्या त्या सगळ्या वर्षांत तुम्हाला कधी मनाविरुद्ध धावावं लागलं का? किंवा दुसऱ्या कोणाला तसं धावताना तुम्ही पाहिलंत का?”

धावपटू बोलेना. कात्री काचेपलीकडून पाहत होती. धावपटूने पाण्याच्या पेल्याकडे पाहिले, तो हातात घेतला नाही. लेखिकेच्या पेनाची टकटक थांबली. सरांनी काही विचारायला तोंड उघडले आणि मिटले. कात्रीने सवयीने पडद्याकडे नजर वळवली. सपाट रेघ पुढे सरकत होती. मग धावपटू म्हणाली, “नाही.” थोडी थांबली. “म्हणजे—”

“मला वाटतं,” लेखिका मधेच म्हणाली, आणि तिच्या मनात त्या बाईला अडचणीतून सोडवण्यावाचून दुसरे काही नव्हते, “मन नावाची वस्तू आपण बायकांच्या वाट्याला येऊ दिलीय का, हाच आधी प्रश्न आहे.” तिथून ती जी निघाली ती बऱ्याच वेळाने थांबली, आणि सरांना ते इतके आवडले की धावपटूकडे परत वळायचे राहून गेले.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, “भाग छान झालाय, पण मधे मधे रिकामी हवा राहिलीय. जरा आवळा.” कोणत्या क्षणी किती श्रोते निघून जातात याचा आलेख त्यांच्याकडे दर आठवड्याला येई, आणि माणसे सोडून जातात ती बहुतेक कोणी गप्प बसले की जातात, हे त्या आलेखाने दोघांना शिकवले होते. म्हणून त्या खोलीत नियमच होता, की मोकळी जागा ठेवायची नाही. कात्रीने भाग आवळला. प्रश्न संपला त्या टेकडीला तिने ‘नाही’ची टेकडी जोडली, ‘म्हणजे’ खुडून टाकले आणि लगेच लेखिकेचे वाक्य लावले. तिचे बोट कळीवर घुटमळले असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. ते घुटमळले नाही. कान शिणलेले होते, दुपार झाली होती, आणि सांधा फार सुबक जमला होता.

भाग प्रसिद्ध झाला, ऐकला गेला, विसरला गेला. नंतर तीन मुलींनी दादांविरुद्ध तक्रार केली. पाय दुखावला असताना इंजेक्शन देऊन आम्हाला धावायला लावले, डॉक्टरकडे जाऊ दिले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शहरात खळबळ उडाली. क्रीडा संघटनेने पत्रकारांना बोलावले, आणि संघटनेच्या प्रवक्त्याने मोबाइल माइकपुढे धरून कात्रीचा सांधा ऐकवला. “कधी मनाविरुद्ध धावावं लागलं का? किंवा दुसऱ्या कोणाला तसं धावताना तुम्ही पाहिलंत का?” “नाही.” प्रवक्ता म्हणाला, “ऐकलंत? प्रश्न संपायच्या आत उत्तर आलंय. खरं बोलणाऱ्याला आठवावं लागत नाही.” तो तुकडा घराघरांत पोचला.

तो माणूस खोटारडा होता असे म्हणता येत नाही. त्याने जे ऐकले तेच सांगितले. समाज ज्याला ठामपणा म्हणतो, तो बऱ्याचदा केवळ वेग असतो. चटकन बोलणाऱ्यावर विश्वास ठेवायची सवय आपल्याला कोणी लावली, हे सांगणे कठीण. पण ती सवय पोसण्याचे काम कोणीतरी पगार घेऊन करीत असते, हे कात्रीला त्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी असताना कळले.

अक्का भांडी पुसत होती. “काय गं, तुमच्या त्या धावणाऱ्या बाईनं तर झटक्यात सांगितलं, नाही म्हणून. मग या तिघी पोरी कशाला उठल्यात?”

“झटक्यात नाही सांगितलं तिनं.”

“अगं, मी ऐकलंय माझ्या कानांनी.”

“मी कापलंय माझ्या हातांनी.”

अक्काचे फडके थांबले. “काय कापलंस?”

“काही नाही. ती गप्प बसली होती. तेवढं.”

“गप्प बसलेलं कापतात होय?” अक्का म्हणाली. “मग आपल्या घरात तुला काही काम नाही बघ.” पण धाकटीचा चेहरा पाहून तिने पुढचे बोलणे गिळले, आणि हे तिच्याकडून क्वचितच होई.

दोन-तीन दिवसांनी दुपारी धावपटू खोलीवर आली. सर बाहेर गेले होते. ती दारातच उभी राहिली.

“ताई, तुम्हीच आवाजाचं बघता ना?”

“हो. बसा.”

“बसत नाही. एकच विचारायचंय.” ती जमिनीकडे पाहून बोलत होती. “मी थांबले होते का?”

कात्रीला प्रश्न कळला होता, तरी ती म्हणाली, “कुठं?”

“नाही म्हणण्याआधी. मला चौकशी समितीनं बोलावलंय. ते हेच ऐकवणार माझ्यापुढं. मला आठवतं की मी थांबले होते. खूप वेळ. पण मी तो भाग इतक्यांदा ऐकलाय की आता मलाच वाटायला लागलंय, नसेन थांबले. बोलून मोकळी झाले असेन पटकन. लोक म्हणतात तशीच असेन मी.”

मूळ ध्वनिमुद्रण कात्रीने पुसले नव्हते. पुसायचे होते, यंत्रावर जागा हवी होती, कंटाळा म्हणून राहिले होते, त्यात पुण्य काही नव्हते. तिने धावपटूला हेडफोन दिला, मग विचार बदलला आणि आवाज मोठ्या ध्वनिक्षेपकावर लावला.

सरांचा प्रश्न आला आणि संपला. मग खोलीत काहीच नव्हते, आणि त्या काहीच नसण्यात बरेच काही होते. खुर्ची कुरकुरली. पेनाची टकटक थांबली. कोणी तरी श्वास आत घेतला आणि सोडला नाही. रस्त्यावरून एक मोटार लांबून आली, जवळ आली, लांब गेली. अजून काहीच नव्हते. कात्रीने आयुष्यभर असले तुकडे पाहिले होते. सलग ऐकला असा हा पहिलाच, आणि तो तिला सहन होईना. मग ‘नाही’ आले, आणि मागोमाग ‘म्हणजे’.

“इथं,” धावपटू म्हणाली. “इथं मी सांगणार होते.”

दारात सर उभे होते. केव्हा आले ते दोघींनाही कळले नव्हते. त्यांनी कात्रीला खूण केली, तिने तोच भाग पुन्हा लावला, आणि या खेपेला ते आपला, स्वतःचा, आवाज ऐकत होते: लेखिकेच्या वाक्यानंतर “वा!” म्हणणारा.

सर वाईट माणूस नव्हते. त्यांचा चेहरा पडला. ते खुर्ची ओढून धावपटूसमोर बसले. “हे माझ्याकडून राहिलं. मी परत वळायला हवं होतं. आपण असं करू, तुम्ही पुन्हा या. फक्त तुम्ही. तोच प्रश्न मी पुन्हा विचारतो. हवा तेवढा वेळ घ्या. काहीही कापणार नाही.”

“नको, सर.”

“अहो, लोकांपुढं तुमची बाजू यायला हवी.”

“नको. तुमच्याकडं आलं की ते छान होतं.” ती रागाने बोलली नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागले. “मला ते छान व्हायला नकोय. समितीपुढं सांगेन, तिथं ते लिहून घेतील तसं घेतील. मला फक्त या ताई सोबत हव्यात. त्यांनी तिथं सांगावं, की मी कापलंय. नाहीतर मला कोणी तोंड उघडू देणार नाही. म्हणतील, तेव्हा एक बोललीस, आता एक बोलतेस.”

ती गेल्यावर खोलीत दोघे उरले. सरांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढला.

“तुम्ही जाणार?”

“जाईन म्हणते.”

“एक लक्षात घ्या, कात्रीबाई. तुम्ही तिथं उभ्या राहून सांगितलंत की आम्ही कापतो, की उद्यापासून प्रत्येक पाहुणा येऊन विचारेल, माझं काय कापलंत. गेल्या सगळ्या वर्षांतलं एकेक वाक्य संशयात जाईल. ज्यांनी खरंच धीर करून काही सांगितलं, त्यांचंसुद्धा.”

“जाईल.”

“कार्यक्रम बंद पडेल.”

“मग मला झोप तरी लागेल.”

“चेष्टा करू नका.” ते काचेकडे वळले. “आणि शांततेचा अर्थ काय लावणार? गप्प बसणं हा पुरावा आहे का? माणूस हजार कारणांनी गप्प बसतो. शिवाय ती ‘नाही’ म्हणाली, हे तर खरंच ना? ते काही तुमच्या कात्रीनं म्हटलेलं नाही.”

हे कात्रीलाही ठाऊक होते. बोच त्यातच होती. ‘नाही’ धावपटूचेच होते. ते खोटे असेल तर ते खोटे तिचे होते, आणि कात्रीने ते पाहुण्यांच्या सगळ्या बोलण्यासारखे फक्त नीटनेटके केले होते. तरीही खोटे बोलताना माणसाला जे जड जाते, ते जड जाणे हाच त्याच्यात उरलेला खरेपणा असतो. आणि तिने नेमके तेवढेच कापले होते.

“‘नाही’ तिचं होतं, सर,” ती म्हणाली. “घाई माझी होती.”

दोन दिवसांनी सरांनी स्वतःच मूळ भाग जसाच्या तसा प्रसिद्ध केला, आणि सुरुवातीला चार वाक्यांत कबुली दिली की आम्ही मौन वगळत आलो आहोत. ते त्यांच्या किती जिवावर आले होते, हे कात्रीने काचेतून पाहिले होते. श्रोत्यांचे निरोप आले. बहुतेकांचे म्हणणे एकच होते, की मधेच आवाज गेला आहे, दुरुस्त करा. अक्काने तर सांगितले की तिला काही फरकच जाणवला नाही. कात्रीने तिचा फोन हातात घेऊन पाहिला. त्यात गप्प जागा आपोआप वगळण्याची सोय होती, आणि अक्काने ती केव्हाचीच लावून ठेवली होती.

“वेळ वाचतो गं,” अक्का ओशाळून म्हणाली.

समितीची बैठक एका जुन्या कचेरीच्या वरच्या मजल्यावर होती. बाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती. तक्रार करणाऱ्या तिघींपैकी सर्वांत लहान मुलीची ती आई. धुलाईच्या दुकानात काम करणारी, हातांची कातडी वाफेने सुकलेली. धावपटूने मान लववून तिच्याकडे पाहिले. त्या आईनेही मान लववली, पण ओळख दाखवण्यापुरतीच.

आत लांब टेबलामागे तिघे होते: निवृत्त न्यायाधीश, एक डॉक्टरीणबाई आणि क्रीडा खात्याचा अधिकारी. बाजूला टंकलेखक. आधी कात्रीला बोलावले. तिने सोबत आणलेल्या यंत्रावर मूळ तुकडा लावला. प्रश्न आला, संपला. तिघे पुढे वाकून ऐकू लागले.

“आवाज येत नाहीये,” अधिकारी म्हणाला.

“येतोय, साहेब. हाच तो.”

“जरा वाढवा.”

तिने वाढवला. खुर्ची कुरकुरली. टंकलेखकाने बोटे कळफलकावर धरून ठेवली होती. त्याने न्यायाधीशांकडे पाहिले. “साहेब, हे लिहू कसं?”

“लिहा, की साक्षीदार उत्तर देण्यापूर्वी दीर्घ काळ थांबली.” न्यायाधीशांनी कात्रीकडे वळून विचारले, “तुम्ही असं सगळ्यांचंच कापता?”

“हो, साहेब. आपलं आत्मचरित्र आलं तेव्हा आपणही आमच्याकडे आला होता.”

“माझंही कापलंत?”

“बरंच काही.”

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. न्यायाधीशही हसले, मग हसता हसता गप्प झाले, आणि आपण तिथे नेमके कुठे अडखळलो होतो हे आठवत असावेत तसे कागदांकडे पाहत राहिले. “इतक्या वर्षांत हे चूक आहे असं तुम्हाला वाटलं नाही?”

“मला थकवा वाटत होता, साहेब. चूक वाटायला जाग असावी लागते.”

त्यांनी तिला मागच्या खुर्चीवर बसायची परवानगी दिली, कारण धावपटूने तशी विनंती केली होती. मग धावपटू आत आली. न्यायाधीशांनी सरांचाच प्रश्न जवळजवळ त्याच शब्दांत विचारला.

“हो,” ती म्हणाली. या वेळी ती थांबली नाही. “माझ्या नडगीच्या हाडाला चीर गेली होती, तरी धावले. दादा स्वतः इंजेक्शन द्यायचे. मोठ्या स्पर्धेआधी दोनदा दिलं. मी नको म्हटलं नाही. पदक मिळालं, ते घरी आहे.”

“मग कार्यक्रमात ‘नाही’ का म्हणालात?”

आता ती थांबली. टंकलेखकाची बोटे पुन्हा अधांतरी राहिली. अधिकाऱ्याने घड्याळाकडे पाहिले आणि काही म्हणायला तोंड उघडले. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बाहीला हळूच हात लावला.

“कारण त्यांनी दुसराही प्रश्न विचारला होता,” धावपटू म्हणाली. “दुसऱ्या कोणाला पाहिलंत का, असा. मी नुसतं पाहिलं नाही. म्हणजे… तक्रार केलेल्यांत जी सगळ्यांत लहान आहे ना, तिला इंजेक्शन देताना ती पाय झाडत होती. दादा म्हणाले, धर गं जरा. मी धरला. गुडघ्याच्या वर एक हात, घोट्याला एक हात. मी तिला म्हटलं, डोळे मीट, लगेच होतं. मला माहीत होतं लगेच होत नाही. मला ते कोणापुढं सांगायचं नव्हतं. अजूनही सांगायचं नाहीये.”

टंकलेखन चालू राहिले. पाऊण पान झाले असेल. त्यांनी तिला तारखा विचारल्या, औषधाचे नाव विचारले, आणखी कोण हजर होते ते विचारले. ती एकेक उत्तर देत गेली, काही चटकन, काही अडखळत, काही चुकून आणि मग दुरुस्त करून. कात्री मागे बसून ऐकत होती. आपण हे कुठे कुठे कापले असते, हे तिला प्रत्येक वाक्यात दिसत होते. ते दिसणे तिला थांबवता येत नव्हते. कामाने तेवढी सत्ता तिच्यावर मिळवली होती.

दोघी बाहेर आल्या तेव्हा दार पुरते लागत नव्हते हे कात्रीच्या लक्षात आले. बाकावरची आई उभी राहिली होती. तिने ऐकले होते.

“तुम्ही होता ते?” तिने धावपटूला विचारले.

“हो.”

“घरी तिनं मला सगळं सांगितलं. सुई सांगितली, दादा सांगितले. पाय कोणी धरला ते सांगितलं नाही. मी खोदून खोदून विचारलं. तर मूग गिळून बसली.” आईचा आवाज चढला नाही. “तुमच्यावर जीव आहे तिचा. तुमच्यासारखी शेपटी बांधते केसांची.”

धावपटूचा हात केसांच्या शेपटीकडे गेला आणि खाली आला.

“आज बोललात ते बरं झालं. आमच्या पोरी खोट्या पडणार नाहीत आता.” तिने पिशवी उचलून खांद्याला लावली. “पण मैदानावर येऊ नका इतक्यात. ती तुम्हाला बघून पुन्हा गप्प बसेल.”

“नाही येत,” धावपटू म्हणाली.

आईला आतून बोलावणे आले. ती गेली. कात्रीला वाटले, काही तरी म्हणावे. आयुष्यभर इतकी माणसे बोलताना ऐकली, त्यांतले एखादे वाक्य या वेळेला उपयोगी पडावे. एकही आठवले नाही. जिन्यावर धावपटूने कठडा धरला आणि एका वेळी एक पायरी, उजवा पाय आधी खाली टेकून, ती उतरू लागली. कात्री तिच्या चालीने उतरली.

खाली रस्त्यावर ऊन होते. समितीचा निकाल यायला महिने लागणार होते. दादा रोज मैदानावर जाणारच होते, आणि उद्या सकाळी मुलींना धावायला शिकवायला धावपटू तिथे नसणार होती. खोलीवर एक सायकलस्वार आणि एक नाटककार यांचा भाग कापायचा पडला होता.

“चालत जाऊ या, की बस बघायची?” कात्रीने विचारले.

“बस बघू, ताई,” धावपटू म्हणाली. “मला फार चालवत नाही.”